बाळंतपण कुठे? पुण्यात की माहेरी? हॉस्पिटल ठरवताना तुम्ही काय पाहिलंत?

शेवंतीची_वेणी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय, तोही पोट सांभाळत, तेव्हा सांभाळून घ्या.

सव्विसावा आठवडा चालू आहे. पहिलटकरीण. वय ३१, थायरॉइडची गोळी चालू, बाकी सगळं ठीक. राहतो वाकडला, माहेर विटा. आईचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात चर्चा कसली? माझ्या दोन्ही वहिन्या ज्या मॅडमच्या दवाखान्यात बाळंत झाल्या, त्यांना आईने परस्पर सांगूनही ठेवलंय, "आमची मुलगी आठव्यात येतीये."

इकडे मी घरापासून दहा मिनिटांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवते. काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान. डॉक्टर चांगल्या आहेत, पण दीड तास थांबल्यावर सहा मिनिटं मिळतात (मोजलीत). पॅकेज नॉर्मलचं एक लाख दहा हजार, सिझरचं पावणेदोन लाख, तेही शेअरिंग रूम धरून.

तिसरा पर्याय मैत्रिणीने सुचवलेला. चिंचवडमधलं बारा खाटांचं नर्सिंग होम. डॉक्टर नवरा-बायको वरच्याच मजल्यावर राहतात. पैसे निम्म्याहून कमी.

तर प्रश्न असा की नक्की पाहायचं काय? गुगलवरचे तारे वाचून डोकं फिरलंय. एकाच डॉक्टरला एक जण देवमाणूस म्हणतो आणि त्याच्याच खाली दुसरा कसाई.

चहाबाज

खाली कॉफीचं दुकान आहे म्हणताय, मग विचार कसला करताय? नवऱ्याची सोय झाली.

(गंमत केली, दिवे घ्या. अभिनंदन!)

गोधडी

अभिनंदन शेवंती! माहेरचा अनुभव सांगते. मी ठाण्यात दाखवत होते, बाळंतपणाला जळगावला गेले. सुख म्हणजे काय ते त्या दोन महिन्यांत कळलं. रात्री कितीही वाजता रडलं तरी आजी हजर, सकाळी आयतं अंघोळीचं पाणी, शेक-शेगडी. इथे ठाण्यात दोघंच असतो तर वेडी झाले असते.

पण एक चूक केली. गेले तेव्हा छत्तिसावा चालू होता. तिथल्या डॉक्टरांनी मला आधी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना माझं बीपी वाढलेलं दिसलं. ते आताच वाढलंय की आधीपासूनच असं आहे, हे कळायला फाइल हवी होती आणि माझी अर्धी फाइल ठाण्याच्या कपाटात! नवऱ्याने रात्री पानापानाचे फोटो काढून पाठवले. तेव्हा माहेरी जायचंच असेल तर बत्तिसाव्याच्या आसपास जा, सगळे कागद बरोबर ठेवा, आणि जे बाळंतपण करणार त्यांनी तुला आधी तीन-चार वेळा तरी तपासलेलं असू दे.

रात्रपाळी

मी भूलतज्ज्ञ आहे. आमच्याकडे कुणी हॉस्पिटल निवडण्याबद्दल विचारत नाही, कारण आम्ही पेशंटला दिसतो तेच मुळी टेबलावर. त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

माझ्याकडे शहरातली पाच नर्सिंग होम आहेत. "आहेत" म्हणजे ते मला फोन करतात आणि मी गाडी काढतो. बारा खाटांच्या जागेला चोवीस तास भूलतज्ज्ञ पगारावर ठेवणं परवडत नाही, यात कुणाची लबाडी नाही, गणितच तसं आहे. पण बाळाचे ठोके खाली गेले आणि तातडीने सिझर करायचं ठरलं, तर निर्णयापासून चीर देईपर्यंत ३० मिनिटांच्या आत व्हावं अशी जगभर अपेक्षा असते. त्या तीस मिनिटांत माझा फोन उचलणं, गाडी काढणं, सिग्नल, जिने आणि पाठीत सुई हे सगळं आलं. रात्री तीनला मी बारा मिनिटांत पोचतो. संध्याकाळी सातला त्याच रस्त्याला मला पस्तीस लागलेली आहेत.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, "तुमचे भूलतज्ज्ञ कुठे राहतात आणि त्यांना यायला किती वेळ लागतो? ते दुसरीकडे केसमध्ये असतील तर कोण?" ज्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येईल तिथून उठा. चांगल्या डॉक्टरला आनंद होतो, कारण त्यालाही रात्री झोप याच काळजीने लागत नसते.

दुसरा प्रश्न रक्ताचा. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त वाहत असतं. वार पडल्यावर पिशवी आवळली नाही, तर काय होईल याचा हिशोब तुम्हीच करा. बहुतेक नर्सिंग होमात रक्तपेढी नसते आणि असावी अशी अपेक्षाही नाही. पण रक्त कुठून येतं, किती वेळात येतं, आणायला कोण जातं हे ठरलेलं असलं पाहिजे. "नातेवाईक आणतात" हे उत्तर मला आवडत नाही. नातेवाइकाला त्या वेळी स्वतःची चप्पल सापडत नसते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर हे आधीच बोलून ठेवा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, तेही तिथे मिळतं का ते विचारा.

तिसरा, बाळाचा डॉक्टर. जन्माच्या वेळी खोलीत असतो की सकाळी राउंडला येतो? आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर तीच इमारत की रुग्णवाहिका?

भिंतीचा रंग, टीव्ही, वेलकम किट यांचा या तिन्हीशी काही संबंध नाही.

मोडी_लिपी

रात्रपाळी, प्रतिसादाची प्रिंट काढून फ्रिजवर लावली. माझ्या दोन्ही वेळी मी फक्त "पार्किंग आहे का" एवढंच विचारलं होतं.

आळीवलाडू

एपिड्युरलबद्दलही (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून देतात ते औषध) लिहा ना डॉक्टर. मला "बघू वेळ आल्यावर" असं सांगितलं होतं आणि वेळ आल्यावर "आता उशीर झाला" असं.

रात्रपाळी

@आळीवलाडू, हाहा, हा संवाद मी दाराबाहेरून ऐकलेला आहे. एपिड्युरल दिलं की पुढचे कित्येक तास कुणीतरी जवळ असावं लागतं. बीपी बघायचं, डोस वाढवायचा. पाच ठिकाणी धावणारा माणूस एका ठिकाणी आठ तास बसू शकत नाही, म्हणून छोट्या जागी ते टाळलं जातं. हवंच असेल तर तज्ज्ञ जागेवर असणारं हॉस्पिटल निवडा आणि "मिळतं का" असं नका विचारू. "गेल्या महिन्यात किती जणींना दिलंत" असं विचारा.

ठेचा_भाकरी

सगळं ठीक, पण मूळ रोगाबद्दल कुणीच बोलत नाही. खासगीत गेलात की सिझर. आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या तीन वर्षांत सात बाळं झाली, सहा सिझर. आमच्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं घरी केली, सुईण यायची, संपला विषय. आता नाळ गळ्याभोवती आहे, पाणी कमी आहे, बाळाने आत शी केली, ही तीन वाक्यं म्हटली की नातेवाईक सही करतात.

आकडे बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात सिझरचं प्रमाण २१.५ टक्के. त्यात सरकारी दवाखान्यात १४.३ आणि खासगीत ४७.४! महाराष्ट्राचं एकूण २५.४. बायकांची शरीरं इमारत बघून बदलतात का?

गोधडी

ठेचा_भाकरी, आज्यांची आठ बाळंतपणं झाली हे खरं. माझ्या आजीचीही आठ. जगले पाच. आणि तिची धाकटी बहीण पहिल्याच वेळी गेली, तिचा फोटोही नाही घरात.

आकड्यांबद्दल सहमत.

निवांत_पाटील

मला वाटतं दोन्ही बाजू खऱ्या आहेत. माझी मोठी बहीण स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, छोट्या तालुक्याच्या गावी. ती म्हणते, पूर्वी नातेवाईक म्हणायचे, "मॅडम, काही करा पण नॉर्मल करा." आता कळा सुरू होऊन चार तास झाले की बाहेरून निरोप येतो, "पोरीला त्रास बघवत नाही, सिझर करून टाका." आणि काही झालंच तर दगड तिच्याच काचेवर. एकटी डॉक्टर चौदा तास कळांवर नजर ठेवून बसते, तेव्हा तिच्याकडे दुसरी डॉक्टर नसते. थकलेला माणूस सोपा रस्ता घेतो. पैसा हे कारण आहेच, पण एकटेपणाही आहे. जिथे दोन-तीन डॉक्टर पाळ्या लावून काम करतात तिथे वाट बघायची ताकद जास्त असते, असं तिचं निरीक्षण.

शेवंतीताई, थेट विचारा, "तुमच्याकडे पहिलटकरणींत सिझर किती?" आकडा देणारे कमी भेटतील. पण उत्तर देताना चेहरा कसा होतो तेही उत्तरच.

चहाबाज

आणि मुहूर्ताचं सिझर विसरलात का? आमच्या मेव्हण्याने पुष्य नक्षत्र गाठायला सकाळी ६.२०चं ओटी (ऑपरेशन थिएटर) बुक केलं होतं. डॉक्टर ट्रॅफिकमध्ये अडकले. पोरगं आश्लेषात आलं आणि आता गणितात शंभरपैकी शंभर काढतं. ज्योतिषी म्हणतो, पुष्य असतं तर यूपीएससी झालं असतं. पोरगं अजून चौथीत आहे.

कसबा_गल्ली

सरकारी दवाखान्याचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. माझी पहिली मुलगी मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात झाली. परिस्थितीच तशी होती, नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. खर्च शून्य. शून्य म्हणजे खरंच शून्य: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून आहे) नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, दवाखान्यात आणणं आणि घरी सोडणं सगळं मोफत असतं. हे मला आशाताईंनी सांगितलं, नाहीतर आम्ही पैसे घेऊनच गेलो होतो.

चांगलं काय? रात्री दोनला पाच डॉक्टर जागे. रात्रपाळी यांचे तिन्ही प्रश्न तिथे आपोआप सुटतात. भूलतज्ज्ञ आत, रक्तपेढी आवारात, बाळांचा विभाग वरच्या मजल्यावर. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई गाजलेल्या खासगी हॉस्पिटलातून फीट आल्यावर पाठवलेली होती, शेवटी आली तिथेच. वाचली.

वाईट काय? बोलणं. कळांत ओरडले तर मावशी जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही. पडदा नाही. आईला आत येऊ दिलं नाही. खरं तर बाळंतिणीबरोबर एक बाई थांबू शकते असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच कळवलेलं आहे. पण वॉर्डाच्या दारातल्या मावशीला केंद्र सरकार कुठे माहीत?

दुसऱ्या वेळी पैसे होते म्हणून खासगीत गेले. सगळे गोड बोलले. पण रात्री खोलीत एकटी असताना मला त्या गजबजलेल्या वॉर्डाची आठवण आली होती, हेही खरं.

ठेचा_भाकरी

@कसबा_गल्ली, उत्तम प्रतिसाद. @गोधडी, तुमच्या आजीच्या बहिणीबद्दल वाचून गप्प झालो. सुईणीचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

बांबोळी_एक्सप्रेस

गोव्यातून. आमच्याकडे प्रश्न सोपा आहे. कुठेही नाव घाला, जरा गुंतागुंत झाली की बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवतात. माझ्या बायकोला म्हापशाहून तसंच नेलं. म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही सरळ बांबोळीलाच नाव घातलं, मधला प्रवास वाचवला. तर शेवंती, तुझ्या चिंचवडच्या दवाखान्याला विचार, अडचण आली तर ते कुठे पाठवतात? मग ती जागाही एकदा बघून ठेव.

धुक्यातलं_लीड्स

इंग्लंडमधून लिहितेय. इथे निवडीचं वेगळंच आहे. पोटुशी आहे कळलं की डॉक्टर नाही, मिडवाइफ (शिकलेली, प्रशिक्षित सुईण) भेटते. ती विचारते, घरी, मिडवाइफ चालवतात त्या केंद्रात, की हॉस्पिटलात? मी "घरी" हा शब्द ऐकून हसले, तर ती गंभीर होती.

सगळं सरळ असलं तर सोनोग्राफी दोनदाच, बाराव्या आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास. माझी आई साताऱ्याहून आली होती, तिला वाटलं इकडे गरिबी आहे. कळा सुरू झाल्यावर फोन केला तर "अंघोळ कर, काहीतरी खा, कळा अजून जवळ आल्या की ये." गेले तर तोंडाला गॅसची नळी, मिडवाइफ सतत शेजारी, आणि मुलगा झाल्यावर चहा आणि टोस्ट. डॉक्टरचं तोंड मी पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. आई म्हणाली, "म्हशीलासुद्धा आम्ही दोन दिवस गोठ्यात ठेवतो गं."

पण सांगायचा मुद्दा हा की ती बाई शेजारी बसून होती. कळांच्या अकरा तासांत तिने माझं नाव कितीदा घेतलं असेल! डॉक्टरचा बोर्ड बघून हॉस्पिटल निवडतो आपण, पण बाळंतपण सिस्टरच्या हातात असतं. लेबर रूममध्ये एका सिस्टरकडे किती बायका असतात ते बघ.

कारकून_क्र_७

विम्याच्या खात्यात काम करतो, तेवढंच बोलतो.

१. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत बाळंतपणाला प्रतीक्षा काळ असतो, बहुतेकदा वर्षांत मोजायचा. आता सव्विसाव्या आठवड्यात नवी पॉलिसी घेऊन उपयोग नाही. कंपनीच्या गटविम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून असतं, पण बाळंतपणाची मर्यादा वेगळी आणि कमी असते. पाच लाखांचा विमा म्हणजे पाच लाखांचं बाळंतपण नव्हे.

२. खोली! मोठ्या हॉस्पिटलात खोलीचा वर्ग वाढला की नुसतं भाडं वाढत नाही, डॉक्टरांची फी, ओटी, तपासण्या सगळ्याचे दर त्या वर्गाचे लागतात. आणि विम्यातली भाड्याची मर्यादा ओलांडली तर कंपनी बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापते. दोन दिवसांची स्वतंत्र खोली लोकांना चाळीस हजारांना पडलेली मी पाहिली आहे.

३. पॅकेजमध्ये काय नाही ते लिहून घ्या. बाळाचा डॉक्टर, बाळाची खाट, एपिड्युरल, रक्त हे बहुतेकदा बाहेर असतं. आपल्या राज्यात २०२१ च्या नियमांनुसार नर्सिंग होमने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. सापडत नसेल तर कुंडीमागे बघा.

४. नवजात बाळ पहिल्या दिवसापासून पॉलिसीत येतं का, ते आजच एचआरला विचारा. उद्या नाही.

मोडी_लिपी

"कुंडीमागे बघा" 😂 आमच्याकडे कॅलेंडरमागे होतं.

पळसफूल

मी सात वर्षं गडचिरोलीतल्या भामरागड भागात आरोग्य खात्यात नर्स होते. तुमची चर्चा आवडली, पण वाचताना सारखं हसू येत होतं. भूलतज्ज्ञाला सातच्या ट्रॅफिकमध्ये पस्तीस मिनिटं!

आमच्याकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ताच बंद. पलीकडच्या गावातली बाई कळा सुरू झाल्यावर निघाली तर खाटेची कावड करून, नाला ओलांडून आणायची. पोचली तर पोचली. म्हणून तिकडे माहेरघर नावाची योजना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातच खोल्या. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच येऊन राहायचं, बरोबर एक नातेवाईक, लहान मूल असेल तर तेही. जेवणाची सोय तिथेच. कळा सुरू झाल्या की चालत लेबर रूममध्ये.

कागदावर सोपं आहे. पण धानाची रोवणी चालू असताना घरची बाई चार दिवस कशी सोडतील? मी घरोघर फिरून विनवण्या केल्यात. एक सासू म्हणाली, "आमच्याकडे बाई तिकडे गेली तर कोंबड्या कोण बघणार?" मी म्हटलं, कोंबड्याही आणा. आणल्या! माहेरघराच्या मागे पंधरा दिवस सहा कोंबड्या होत्या. बाळंतपण सुखरूप झालं. ३.१ किलोची मुलगी.

शेवंती, मुद्दा एवढाच, की तुझ्या तिन्ही जागांत मधला नाला कुठे आहे ते शोध. चिंचवडला तो ट्रॅफिकचा असेल, विट्याला रक्ताचा.

रात्रपाळी

@पळसफूल, _/\_ मी आता ट्रॅफिकबद्दल तक्रार करणार नाही. निदान या धाग्यावर नाही.

जुनी_खपली

माझी पहिल्या वेळी सिझर झालीय, दुसऱ्या वेळी नॉर्मल करून बघायचंय. पुण्यात कोण करतं? नावं द्या ना.

संपादक

डॉक्टरांची आणि हॉस्पिटलांची नावं, बरी असोत वा वाईट, धाग्यावर नकोत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मागच्या वेळी वकिलाची नोटीस आली होती.

रात्रपाळी

@जुनी_खपली, आधीचं सिझर कशासाठी झालं, टाका कसा घेतला होता, दोन्हींत अंतर किती यावर ते ठरतं, म्हणून पहिल्या ऑपरेशनचे कागद हवेतच. जुना टाका कळांत उसवण्याचा धोका कमी असतो, पण असतो. त्यामुळे हा प्रयत्न ओटी आणि माणसं तयार असतील तिथेच. धावत येणाऱ्या माझ्यासारख्याच्या भरवशावर नको.

आळीवलाडू

दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही.

एक, सातव्या महिन्यात वेटिंग रूममध्ये छान कपड्यांतला एक मुलगा येऊन नाळेतलं रक्त साठवण्याबद्दल बोलेल. सुरुवात "तुमच्या बाळावर प्रेम असेल तर" अशी असते. आम्ही हप्ता भरायला निघालो होतो, सासऱ्यांनी वाचवलं. स्वतःच्या पुढच्या उपयोगासाठी असं खासगी साठवण करण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांतच म्हटलंय.

दुसरी, दूध. बाळ झाल्यावर पहिल्या तासात अंगावर देतात का ते विचार. माझ्या मुलाला "तुम्ही आराम करा" म्हणून घेऊन गेले आणि परत आणलं तेव्हा त्याच्या ओठाला पावडरचं दूध होतं. अशा डब्यांची जाहिरात, फुकट नमुने वाटणं हे १९९२ च्या कायद्याने बंद आहे. तरी टेबलावर डबा होता. पुढे पंधरा दिवस मी आणि तो, दोघं रडत होतो.

शेवंतीची_वेणी

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी! मधल्या काळात गायब होते कारण तुमचे प्रश्न घेऊन तिन्हीकडे गेले.

चिंचवडचे डॉक्टर हसले, म्हणाले, "कुणाकडून शिकून आलात?" मग खरंच सगळं सांगितलं. भूलतज्ज्ञ वीस मिनिटं, ते नसले तर आणखी दोघे. रक्तपेढी जवळ, आणायला त्यांचाच माणूस जातो. बाळाला पेटी लागली तर मात्र दुसरीकडे न्यावं लागेल. सिझर किती, तर "शंभरात तीसेक." चेहरा सरळ होता.

काचेच्या इमारतीत सगळं आतच आहे. पण तुमच्या डॉक्टर रात्री येतीलच असं नाही, ड्युटीवर जी असेल ती करेल, हे काउंटरवरच्या मुलीने तोंडपाठ सांगितलं.

आणि विट्याच्या मॅडमना मी चोरून फोन केला. तर त्याच म्हणाल्या, "रक्त मला कराडहून मागवायला लागतं. साधं असेल तर मी आनंदाने करीन. पण साखरेची तपासणी झाली का तुझी?" झाली नव्हती. परवा केली. वाढलेली निघाली.

गोधडी

अगं! काळजी करू नकोस, मलाही होती. पण मग बाळाची साखर जन्मल्यावर बघावी लागते, तेव्हा बाळाचा विभाग असेल तिथेच जा.

चहाबाज

म्हणजे शेवटी कॉफीचं दुकानच.

ठेचा_भाकरी

विट्याच्या मॅडमना माझा नमस्कार सांगा. असे डॉक्टर आहेत म्हणून बरं.

शेवंतीची_वेणी

धागा वर काढतेय. तीन महिने झाले.

मुलगी! २.९ किलो. काचेच्या इमारतीतच. साखर गोळ्यांवर आटोक्यात होती, अडतिसाव्यात कळा आणल्या, सोळा तास लागले, नॉर्मल झाली. ज्या डॉक्टरांसाठी दर वेळी दीड तास थांबले त्या कोइमतूरला परिषदेला गेल्या होत्या. ड्युटीवरच्या डॉक्टरला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पण सिस्टर तासगावच्या निघाल्या. "ताई, जोर कर की गं, आता दमून कसं चालंल" असं त्या बोलल्या आणि मला वाटलं मी घरीच आहे. लीड्सताई, तुमचं पटलं. बाळाची साखर एक दिवस दर थोड्या वेळाने टाच टोचून बघितली, पेटीत ठेवायची वेळ आली नाही. शेअरिंग रूम घेतली, कारकूनसाहेब. बाळाच्या डॉक्टरांचे सात हजार पॅकेजबाहेर लागले, तेही तुम्ही सांगितलंच होतं.

माहेर माझ्याकडे आलं. आई, दोन डबे डिंकाचे लाडू, आळीव आणि शेगडी घेऊन. शेगडी सोसायटीत पेटवली तर धुराचा भोंगा वाजला आणि वॉचमन पळत आला. विट्याच्या मॅडमनी बाळासाठी झबलं पाठवलंय.

जन्माच्या फॉर्मवर मात्र घरात दोन दिवस भांडण. आता आपल्याकडे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव लागतं ना, बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं. सासूबाई म्हणतात फॉर्ममध्ये एवढी जागाच नाही. जागा आहे. मी मोजली.

पळसफूल

मुलीला खूप आशीर्वाद. कोंबड्या नेल्या नाहीत ना?

नवी_सून_हडपसर

छान धागा. मला बत्तिसावा चालू आहे. हडपसरला बाळांचे चांगले डॉक्टर कोण?

संपादक

व्यनि.